पादरा तालुक्यातील एका ग्रामपंचायतीचे कामकाज : वडिलोपार्जित घराची नोंद बदलून घेताना

बडोद्यात राहणाऱ्या पुष्कळ मराठी कुटुंबांची पादरा, डभोई, सावली, करजण या तालुक्यांतील खेड्यांत अजूनही घरे आहेत. काही संस्थानी काळापासूनची आहेत, काही नंतर घेतलेली आहेत. तिथे बहुधा एखादे वडीलधारे माणूस राहते किंवा कुणीच राहत नाही, घरवेरा (घरपट्टी) दरसाल कुणीतरी जाऊन भरून येतो, आणि पंचायतीच्या दप्तरात नाव मात्र दोन पिढ्यांपूर्वीच्या कर्त्या पुरुषाचे असते. आमच्या घराचीही हीच गत होती. आजोबांच्या नावावरची नोंद काका आणि माझ्या वडिलांचे वारस यांच्या नावावर करून घेण्याच्या निमित्ताने पादरा तालुक्यातील ज्या ग्रामपंचायतीशी आमचा संबंध आला, तिच्या कामकाजाविषयी मी येथे सविस्तर लिहीत आहे. दुकानाविषयी किंवा खाणावळीविषयी आपण जितक्या मोकळेपणाने मत देतो तितके ग्रामपंचायतीविषयी देत नाही, आणि त्यामुळे ज्यांना तिथे जावे लागणार आहे त्यांना कुणाच्या तरी ओळखीवाचून तिथे काम होत नाही असे वाटत राहते. आमचे काम ओळखीवाचून झाले. गावाचे नाव मी देत नाही, कारण या लिखाणात काही तक्रारीही आहेत आणि त्या तिथल्या दोन-तीन माणसांकडे बोट दाखवण्यासाठी केलेल्या नाहीत.

ग्रामपंचायत चांगली की वाईट हे वेशीवरच्या कमानीवरून किंवा रस्त्यावर बसवलेल्या पेव्हर ब्लॉकवरून ओळखता येत नाही, असे माझे ठाम मत आहे. सभेची नोटीस वेळेवर लागते का, ठराव सभेतच लिहिला जातो का, घेतलेल्या प्रत्येक पैशाची पावती मिळते का आणि मागितलेला कागद दाखवला जातो का, या चार गोष्टी पाहाव्यात. या कसोटीवर ही पंचायत मला पसंत पडली, तरी काही बाबतींत ती सहज सुधारू शकेल अशी आहे.

प्रथम एक खुलासा आवश्यक आहे, कारण आपल्यापैकी अनेकांचा इथेच घोळ होतो. ग्रामपंचायतीच्या आकारणी पत्रकात घरासमोर जे नाव असते ते कर कुणाकडून वसूल करायचा हे ठरवण्यासाठी असते. ती मालकी हक्काची नोंद नव्हे. त्यावर नाव चढले म्हणजे घर आपले झाले असे कुणी समजू नये, आणि नाव चढले नाही म्हणून हक्क गेला असेही समजू नये. शेतजमिनीची वारसाई तर पूर्णपणे वेगळ्या वाटेने जाते. तिचा अर्ज मामलतदार कचेरीतील ई-धरा केंद्राकडे, म्हणजे जमिनीच्या संगणकीय नोंदींच्या केंद्राकडे जातो, तिथे फेरफार नोंद पडते, जमीन महसूल कायद्याच्या कलम 135-ड ची नोटीस निघते आणि हरकतीसाठी 30 दिवसांची मुदत द्यावी लागते. महाराष्ट्रातील नातेवाइकांचा सल्ला येथे जसाच्या तसा लागू पडत नाही. तिकडे घराचे काम ग्रामसेवकाकडे आणि जमिनीचे तलाट्याकडे अशी विभागणी आहे, तर गुजरातमध्ये पंचायतीचा मंत्री (म्हणजे सचिव) आणि तलाटी हे एकच माणूस, म्हणजे तलाटी-कम-मंत्री, अशी रीत पडलेली आहे. अलीकडे पुष्कळ ठिकाणी महसुली तलाटी वेगळा असतो. आमच्या गावात तो वेगळा होता, हे आम्हाला पंचायतीच्या पायरीवरच सांगण्यात आले आणि त्यामुळे पुढची धावपळ वाचली.

पंचायतीचे घर साधे आहे. पुढच्या खोलीत ई-ग्राम केंद्राचा संगणक, मागच्या खोलीत तलाटीबेनचे टेबल आणि दप्तराची दोन लोखंडी कपाटे, आणि बाजूला सभेची खोली. आमच्या कामासाठी आजोबांच्या आणि वडिलांच्या मृत्यूचे दाखले, पेढीनामा (कुटुंबाची वंशावळ), बाकीच्या वारसांची लेखी संमती, वेरा भरल्याची चालू वर्षाची पावती आणि अर्ज एवढे कागद लागले. आजोबांचा मृत्यू त्याच गावी झालेला असल्यामुळे त्यांची नोंद पंचायतीच्याच रजिस्टरमध्ये निघाली. खेड्यात जन्म-मृत्यूचा निबंधक तलाटी-कम-मंत्रीच असतो, ही गोष्ट शहरातील लोकांच्या लक्षात नसते. वडिलांचा दाखला बडोदा महानगरपालिकेचा होता. दोन्ही दाखल्यांत आडनावाच्या स्पेलिंगमध्ये आणि वडिलांच्या मधल्या नावात किंचित फरक होता. अशा वेळी अर्जच परत करून मोकळे होणारे कर्मचारी आपण सर्वांनी पाहिले आहेत. तलाटीबेनने तसे न करता, दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र जोडा, एवढे कागदाच्या मागे पेन्सिलीने लिहून दिले आणि अर्ज ठेवून घेतला. अर्जाच्या आमच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का न मागता मिळाला.

पेढीनामा कसा होतो तेही सांगतो, कारण ते काम मला विशेष काळजीपूर्वक केलेले दिसले. अर्जदाराने कुटुंबाची संपूर्ण वंशावळ सांगायची, हयात आणि मयत दोन्ही, आणि गावातील पंचांनी ती बरोबर असल्याची सही करायची. आमच्या एका आत्याचे लग्न होऊन ती सुरतेला गेली आणि तिथेच वारली. तिची मुले वारस आहेत. काकांनी सवयीने फक्त मुलग्यांची नावे सांगितली तेव्हा तलाटीबेनने लेखणी खाली ठेवून विचारले, “काका, दीकरीओ केटली?” मुलींची नावे आल्याशिवाय आपण पेढीनामा पुरा करणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. सही करायला आलेल्या पंचांपैकी एक आजोबांना ओळखणारे वृद्ध गृहस्थ होते. त्यांना आत्याचे माहेरचे नाव आठवत होते आणि त्यांनी ते आपणहून सांगितले. मुलींची नावे गाळून केलेल्या वंशावळींमुळे किती घरांतून पुढे कोर्टकज्जे उभे राहिले आहेत हे पाहता, हा एक प्रश्न विचारण्याची सवय मला या कार्यालयाची सर्वांत मोलाची सेवा वाटते.

ई-ग्राम केंद्राविषयी थोडक्यात. सातबार आणि आठ-अ च्या नकला, उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिकेतील बदल अशी कामे इथे होतात. ऑक्टोबर 2020 मध्ये गुजरात सरकारने डिजिटल सेवा सेतू सुरू केला, त्यानंतर यातील बऱ्याच सेवा 20 रुपयांत गावातच मिळू लागल्या आणि प्रतिज्ञापत्र करून देण्याचा अधिकारही तलाट्याला मिळाला. पूर्वी त्यासाठी तालुक्याला नोटरीकडे जावे लागे. दरांचा फलक भिंतीवर आहे आणि तेवढेच पैसे घेतले जातात. मात्र हे केंद्र चालवणाऱ्या मुलाला पगार नाही, केलेल्या कामावर कमिशन मिळते, आणि म्हणून तो दिवसातील काही वेळ दुसरे काम करतो. केंद्र कधी उघडे असेल हे त्याला फोन केल्यावाचून कळत नाही. यात दोष त्याचा नाही. गावाला रोज लागणारी सेवा कमिशनवर चालवण्याच्या पद्धतीचा आहे.

आता सभेविषयी. घराच्या नोंदीत बदल करण्याचे काम तलाट्याने परस्पर करायचे नसते, ते पंचायतीच्या सभेत ठरावाने व्हावे लागते. म्हणून आमचा अर्ज पुढच्या मासिक सभेपर्यंत थांबला. काका त्या दिवशी आले होते आणि सरपंचबेनने परवानगी दिल्यामुळे आम्हा दोघांना मागच्या बाकावर बसून सर्व पाहता आले. ज्यांना पंचायत म्हणजे केवळ भांडणे असे वाटते त्यांनी अशी एक सभा जरूर पाहावी. मागील सभेचा वृत्तांत वाचला गेला. महिन्याचा खर्च एकेक बाब घेऊन वाचला गेला : पाण्याच्या टाकीवरील मोटारीची दुरुस्ती, दिवाबत्तीसाठी आणलेले बल्ब, गटार उपसण्याची मजुरी. मोटारीच्या दुरुस्तीचे बिल एका सभासदाला जास्त वाटले. त्याने विचारले की मोटार याच वर्षी एकदा बांधून आणली होती, मग पुन्हा कशी जळली. पाणी सोडणाऱ्या माणसाला बोलावण्यात आले. रात्री व्होल्टेज कमी असताना मोटार चालू राहते, असे त्याने सांगितले. त्यावर दहा-पंधरा मिनिटे शांतपणे बोलणे झाले आणि स्टार्टरला संरक्षक उपकरण बसवण्याचा वेगळा ठराव झाला. बिलही मंजूर झाले. ग्रामपंचायतीचे खरे कामकाज हे असे असते, आणि ते नेटाने, दर महिन्याला, कुणाच्याही टाळ्यांवाचून करावे लागते.

आमचा विषय आला तेव्हा तलाटीबेनने अर्ज, वारसांची नावे आणि जोडलेले कागद वाचून दाखवले, कुणाची हरकत आहे का असे विचारले, आणि हरकत नाही म्हटल्यावर ठराव तिथेच, सर्वांसमोर, ठराव बुकात लिहिला. त्या बुकाची पाने छापील क्रमांकाची आहेत. ठरावाखाली मांडणाऱ्याचे आणि अनुमोदन देणाऱ्याचे नाव लिहिले गेले. सभा संपल्यावर सह्या झाल्या, आणि एका वयस्क सभासद बाईंनी अंगठा उठवण्यापूर्वी आपल्याला सर्व ठराव पुन्हा एकदा वाचून दाखवायला लावले. ते वाचून दाखवण्यात आले, तेही घाई न करता. कोऱ्या पानांवर आधी सह्या घेऊन नंतर सवडीने ठराव लिहिण्याची रीत कुठे कुठे असते असे आपण ऐकतो. तिच्या पार्श्वभूमीवर हा प्रसंग मला फार मोठा वाटला. सरपंचबेन स्वतः बोलत होत्या, हेही नमूद केले पाहिजे. गुजरातमध्ये पंचायतींत स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत, पण खुर्चीवर बाई आणि कारभार नवऱ्याचा अशी स्थिती अनेक गावांत दिसते. इथे त्यांचे यजमान सभेच्या खोलीत नव्हतेच.

वेऱ्याच्या बाबतीत काही वाचकांना राग येण्याचा संभव आहे, तरी लिहितो. नोंद बदलण्यापूर्वी मागील सर्व बाकी भरावी लागली, आणि त्यात घरवेऱ्याबरोबर पाणीवेरा, सफाईवेरा व दिवाबत्तीवेराही होता. घर बंद असताना पाणी आणि सफाई कशाची, असा प्रश्न माझ्याही मनात आला. परंतु पंचायतीच्या हिशेबाकडे पाहिले की त्याचे उत्तर मिळते. केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगाचा 2021 ते 2026 या काळासाठी जो निधी गावाला ठरला त्यातील 60 टक्के बांधील होता : निम्मा पिण्याच्या पाण्याशी निगडित कामांसाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. उरलेला 40 टक्के गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येई, पण पगार आणि कार्यालयीन खर्च त्यातूनही भागवता येत नसे. म्हणजे झाडणाऱ्या बाईंचे मानधन आणि पाणी सोडणाऱ्या माणसाची मजुरी असल्या रोजच्या खर्चासाठी पंचायतीला मुख्यतः स्वतःच्या वसुलीकडेच पाहावे लागते. शहरात राहणारे घरमालक आपल्या बंद घराचा वेरा वर्षानुवर्षे थकवतात आणि दिवाळीत गावी गेल्यावर गटार तुंबल्याची तक्रार करतात. हे अन्यायाचे आहे. रकमेबद्दल सांगायचे तर आमच्या जुन्या, विटा-मातीच्या दोन खणी घराचा वर्षाचा वेरा बडोद्यातील फ्लॅटच्या एका महिन्याच्या देखभाल खर्चाहूनही कमी आहे. पावती कार्बन ठेवून लिहिलेली, छापील क्रमांकाची आणि प्रत्येक वेऱ्याचा आकडा वेगळा दाखवणारी मिळाली.

ग्रामसभेला आम्ही 2 ऑक्टोबरच्या सुमारास होतो. हा काळ गावाच्या पुढील वर्षाच्या विकास आराखड्याचा असतो. 2018 पासून त्यासाठी देशभर मोहीम चालते. ग्रामसभेची नोटीस पंचायतीच्या फलकावर तर होतीच, पण दूध मंडळीच्या (सहकारी दूध संस्थेच्या) दारावरही चिकटवलेली होती. ही अतिशय शहाणपणाची गोष्ट आहे. पंचायतीच्या फलकाकडे फारसे कुणी पाहत नाही, परंतु दूध घालायला गावातील घरोघरच्या बायका सकाळ-संध्याकाळ मंडळीवर येतात आणि रांगेत उभ्या असताना तो कागद त्या एकमेकींना वाचून दाखवतात. त्याचा परिणाम सभेत दिसला : बायका आल्या, आणि शाळेच्या मागच्या हातपंपाजवळ साचणाऱ्या पाण्याचा विषय त्यांनीच काढला. तो आराखड्यात घेतला गेला. नंतर ई-ग्रामस्वराज या केंद्राच्या पोर्टलवर, जे 24 एप्रिल 2020 पासून चालू आहे, गावाचा आराखडा उघडून पाहिला, तर त्यात ते काम नोंदलेले दिसले. बडोद्यात बसून आपल्या गावात कोणत्या कामासाठी किती रक्कम धरली आहे हे कुणालाही, कसलाही अर्ज न करता, असे पाहता येते. ज्यांची गावात घरे आहेत त्यांनी वर्षातून एकदा तरी ते पाहावे.

तक्रारींकडे वळतो. पहिली आणि मोठी तक्रार तलाटीबेनच्या वेळेची. त्यांच्याकडे शेजारच्या एका गावाचाही कार्यभार आहे आणि तालुक्याच्या बैठका वेगळ्याच. कोणत्या वारी त्या कोणत्या गावी असतील याचा फलक दारावर आहे, पण तो जुना झालेला आहे आणि वार बदलल्यावर कुणी पुसलेला नाही. बडोद्याहून रजा टाकून जाणाऱ्या माणसाला कुलूप पाहून परत फिरावे लागणे योग्य नाही. खडूने तीन ओळी लिहिण्याचे हे काम आहे आणि ते होत नाही, याचे मला वाईट वाटले. दुसरी तक्रार अशी की ग्रामसभा सकाळी अकराला ठेवली होती. तेव्हा शेतमजूर शेतावर आणि पादऱ्याच्या कारखान्यांत जाणारी तरुण मुले पाळीवर असतात. आलेल्या बायका आणि वृद्ध यांच्यामुळे सभा चांगली झाली, तरी गावातील कमावता वर्ग जवळजवळ नव्हताच. सायंकाळी दूध घालून झाल्यावर सभा ठेवली तर फरक पडेल. तिसरी तक्रार हिशेबाच्या फलकाविषयी आहे. वार्षिक जमाखर्च लावलेला आहे, पण तो संगणकावरून इतक्या बारीक अक्षरांत छापलेला आहे की काकांसारख्या माणसाला वाचता येत नाही. रस्त्यावरील कामाच्या फलकावर जसे मोठ्या अक्षरांत काम, रक्कम आणि तारीख लिहितात, तसे वर्षाच्या दहा मुख्य बाबी भिंतीवर लिहिल्या तर लोकांना अधिक उपयोग होईल.

निवडून आलेली पंचायत असण्याने काय फरक पडतो, हे मी काकांकडून ऐकले आणि ते इथे सांगणे आवश्यक वाटते. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न सुटेपर्यंत गुजरातमधील हजारो ग्रामपंचायतींच्या निवडणुका लांबल्या होत्या. त्या जून 2025 मध्ये झाल्या. मधल्या काळात मुदत संपलेल्या पंचायतींचा कारभार वहीवटदारांकडे, म्हणजे नेमलेल्या प्रशासकांकडे होता. आमच्या गावीही तसेच होते. दाखले मिळत, वेरा घेतला जाई, पाणीही येई. परंतु ज्या कामाला गावातल्या माणसांचे मत घ्यावे लागते ते पुढे ढकलले जाई, कारण मोटार पुन्हा का जळली असे विचारणारा सभासदच खोलीत नव्हता. गुजरातची पंचायत राज्यव्यवस्था 1 एप्रिल 1963 रोजी सुरू झाली. इतकी जुनी व्यवस्था काही वर्षे केवळ नेमलेल्या माणसांवर चालवावी लागणे गावांना परवडणारे नाही, हे या दोन काळांची तुलना करताना ठळकपणे जाणवते.

ज्यांना असेच काम करायचे आहे त्यांच्यासाठी काही सूचना. जाण्यापूर्वी तलाट्याला फोन करून दिवस ठरवा. सर्व वारसांची, मुली आणि त्यांची मुले यांच्यासह, नावे व पत्ते आधी लिहून न्या. वेऱ्याची बाकी किती हे प्रथम विचारून घ्या, म्हणजे सभेच्या दिवशी अडचण येणार नाही. शेतजमीन असेल तर तिचा अर्ज ई-धरा केंद्रात स्वतंत्रपणे करा. पंचायतीतील नोंद झाली म्हणून तिकडे आपोआप काही होत नाही. ठराव झाल्यावर त्याची सही-शिक्क्याची नक्कल मागून घ्या आणि तिच्यावर ठराव क्रमांक व सभेची तारीख आहे ना हे तिथल्या तिथे पाहा. आम्हाला नकलेसाठी वेगळा अर्ज द्यावा लागला, पण ती मिळाली. नव्या नावाने वेऱ्याचे मागणीपत्र पुढील एप्रिलनंतर निघते. तोवर ठरावाची नक्कल आणि शेवटची पावती एकत्र जपून ठेवावी, कारण वीजजोडणीवरील नाव बदलायला गेल्यावर हेच दोन कागद आमच्याकडे प्रथम मागितले गेले.